साडेछत्तीस अंश

अलास्कातल्या अँकरेज विमानतळावर मी विमानांत इंधन भरायचो. किती भरायचं ते वर्ना लिंडक्विस्ट सांगायची. बाई अठ्ठावन्न वर्षांची, तोंडाने फटकळ, कोडियाक बेटावरच्या मासेमाराची लेक. टेबलावर पृथ्वीचा भलाथोरला गोल आणि विणकामाचा दोरा. वैमानिक तिची टर उडवायचे. मीही उडवायचो, खोटं कशाला बोलू!

चौऱ्याहत्तरच्या मार्चमधली सकाळ. बेथेल गावची नस्तासिया इव्हान तीन आठवड्यांची मुलगी कुशीत घेऊन बसली होती. पोरीच्या हृदयात दोष, ओठ निळे पडलेले. ऑपरेशन करणारा डॉक्टर मिनियापोलिसला. इथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "विमान एकदाच चढवा, एकदाच उतरवा. मध्ये थांबलात तर पोर हाती लागायची नाही."

वैमानिक ड्वेन हॅलोरन कपाळाला हात लावून आत आला. "अंतर दोन हजार पाचशे एकोणीस मैल. माझं विमान जातं चोवीसशे. मध्ये एडमंटनला उतरावंच लागणार, बाई."

"आकडा कुठून आणलास?"

"मालवाहतुकीच्या पुस्तकातून."

"अरे शहाण्या, ते जमिनीवरचे मैल! ट्रकवाल्यांचे! आणि तुझे चोवीसशे कुठले?"

"सागरी," ड्वेन म्हणाला. वैमानिकांचे मैल सागरी, बोटवाल्यांचेच, जरा लांब. त्याने आखूड मैलांचा आकडा लांब मैलांशी ताडून पाहिला होता.

वर्नाने अँकरेजपासून मिनियापोलिसपर्यंत दोरा ताणला. भिंतीवरच्या नकाशात आम्ही पट्टीने आखायचो त्या रेघेच्या बराच वर, उत्तरेकडून तो आपोआप गेला. तेवढाच दोरा तिने अंश मोजायला गोलावरच्या उभ्या रेषेवर धरला. "साडेछत्तीस अंश. अंशाला साठ सागरी मैल."

"दोन हजार एकशे नव्वद," मी पुटपुटलो.

मग तिने कागदावर रीतसर गणित मांडलं. दोऱ्याच्या मापापेक्षा दोन मैल कमी आले. फक्त दोन! अर्धं खंड एका दोऱ्यात मावलं होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पृथ्वी गोल आहे हे शाळेत घोकलं होतं, खरं वाटलं ते त्या क्षणी.

"वारा पाठीमागून आहे. टाक्या काठोकाठ भर," ती मला म्हणाली. मी भरल्या.

विमान गेल्यावर पाच तास वर्ना खुर्चीतून हलली नाही. कॉफीला शिवली नाही. ते गणित तिने तीनदा पुन्हा केलं.

दुपारी फोन वाजला. ड्वेन होता. "सरळ आलो, बाई. तासाभराचं इंधन शिल्लक आहे."

"ते राहू दे. पोर?"

"डॉक्टर घेऊन पळाले. श्वास चालू आहे. आत जाता जाता केवढ्याने रडली!"

वर्नाने फोन ठेवला. मी म्हणालो, "तुला तर खात्रीच होती."

"आकड्याची होती रे," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागली.