डॉक्टरांची खुर्ची

तिला सगळे खोलीवाली म्हणत. कामच तसलं! ऑफिसात, कोर्टात, शाळेत, जिथे एका माणसानं दुसऱ्याला जड गोष्ट सांगायची, तिथली खोली ती मांडून द्यायची. मध्ये टेबल नको, डोळ्यांवर उजेड नको, आणि ऐकणाऱ्याची खुर्ची दाराशी. नाहीच सोसवलं तर त्याला उठून जाता यावं.

ही अक्कल काही कॉलेजात मिळाली नव्हती. धाकटा भाऊ गेला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी लिफ्टच्या दारात एक पाय ठेवून "आम्ही खूप प्रयत्न केले" एवढंच सांगितलं. शेवटी तो काही बोलला का, हे विचारायला तिनं तोंड उघडलं, तर लिफ्ट वर! त्या मेल्या डॉक्टरला अर्धं मिनिट थांबणं जड झालं. तेव्हापासून तिनं डूख धरला होता.

आणि गंमत बघा, त्याच हॉस्पिटलनं नातेवाइकांशी बोलायची खोली करायला तिलाच बोलावलं. डॉक्टरांनी तर ओळखलंही नाही. तिनं दातओठ खात नकाशा काढला. नातेवाइकांना दाराशी ऐसपैस खुर्ची. डॉक्टरांची पार आतल्या कोपऱ्यात, जमिनीला पक्की केलेली. समोरचा उठल्याशिवाय बाहेर पडायची सोयच नाही. विश्वस्तांनी वर तोंडभरून कौतुक केलं.

तयार खोली ताब्यात देताना ती गोड आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बसून तर बघा."

ते आत बसले, ती दाराशी.

"छान झालंय. चला, मला राउंड आहे," म्हणत ते उठले. ती जागची हलली नाही.

"माझा भाऊ तुमच्याकडे वारला. मला तुम्ही लिफ्टपाशी उडवून लावलंत. बसा खाली!"

मग तिनं त्यांची अशी बिनपाण्यानं केली की विचारू नका. डॉक्टर घामाघूम. तिचा जीव कसा थंड झाला!

"आता सांगा. शेवटी तो काय म्हणाला?"

"ताई, राहू द्या ना."

"ऐकल्याशिवाय सोडत नाही."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "मी नव्हतो तिथे. कुणीच नव्हतं. नर्स औषध द्यायला गेली, तेव्हा तो आधीच गेलेला होता."

ती दोन्ही हातांनी तोंड झाकून ओरडली, "अहो, मग काहीतरी खोटं तरी सांगायचंत मला!"