पाणी घालू नकोस

दुकानातून घरी येऊन धाकटीनं खिडकीतल्या कुंडीत बोट घातलं आणि तिचा पाराच चढला. मातीचा पुन्हा चिखल!

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची, आणि येता-जाता भिंगातून गल्लीतली झाडं बघायची. कोपऱ्यावरचं झाड पानं उभी धरायचं, भर दुपारचं ऊन अंगावर नको म्हणून. कुंपणावरच्या रोपाच्या पानांना ओल राखायला पांढरी लव होती. खिडकीतल्या रोपाची पानं तर बोटाएवढी जाड, आपली बेगमी आपणच करणारी. आईनं लावलेल्या रोपाची ही शेवटची फांदी. आधीच्या दोन फांद्या ताईच्या मायेनं कुजल्या होत्या.

ताई म्हणजे थोरली बहीण. जन्मभर नर्स. निवृत्त झाली, पण हात काही स्वस्थ बसेनात. दिसेल त्याला पाजायचं. पोस्टमन, मांजर, कुंड्या, कुणी म्हणून सुटत नसे.

"ताई, पाणी कुणी घातलं?"

"सुकल्यासारखं वाटलं गं. जरासंच घातलं."

"जरासंच? तळं झालंय! अगं, त्याच्या पानातच पाणी असतं. किती वेळा सांगू? पालथ्या घड्यावर पाणी!"

म्हणीतही पुन्हा पाणीच! धाकटीला स्वतःचाही राग आला. तिनं एक पान चिमटीत धरलं, तर ते गळून हातातच आलं. आता तिला रडूच फुटायचं बाकी होतं. तिनं फांदी उपसली, कुजका भाग कापला आणि उरलेली वीतभर काडी कागदावर वाळत ठेवली.

"आता हिला हात लावायचा नाही. कोरडीच राहू दे, तरच जगेल."

"मग मी काय करू?"

"काही नाही. नुसतं बघ."

ताई खुर्चीत बसली. थोड्या वेळानं तिचा उजवा हात आपसूक झारीकडे गेला. तिनं तो डाव्या हातानं ओढून मांडीवर ठेवला आणि तिथंच दाबून धरला.

धाकटीनं ते पाहिलं. काय करावं या बाईचं! वैताग येत होता आणि कीवही. पाणी ती दुकानातच पिऊन आली होती, तहान मुळीच नव्हती.

"अशी बसलीस काय? मला पाणी दे की," ती खेकसली.

ताई झटकन उठली. काठोकाठ भरलेला पेला धाकटीनं सगळा रिकामा केला.

"अजून आणू?"

"आण बाई," धाकटी म्हणाली.