पुढच्या चाकाखालचा ओंडका

आमच्या समोरच्या दारातली ताई कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिचा वास घ्यायची. मासळीचं समजू शकते, तो तिचा धंदाच होता. पण ती छत्रीचा वास घ्यायची, मिक्सरचा घ्यायची, नव्या मोबाइलचं खोकं उघडलं की आधी नाक लावायची आणि मग डोळे. पनवेलच्या मासळी बाजारात तिचं आयुष्य गेलं होतं. तिथल्या गिऱ्हाइकांची ती ताई, आमच्या बिल्डिंगची ताई, आणि माझ्या वडिलांचीही ताईच, जरी ते तिच्यापेक्षा चांगले मोठे होते. मी मात्र तिच्यावर जळायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला मोठ्या मनाची समजणार नाही.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, पाय वाकता ठेवायचा असेल तर रोज सायकल मारा. बाहेर सायकल मारायची म्हणजे कंटेनरच्या ट्रेलरांशी शर्यत. व्यायामशाळेतली सायकल घरात आणायची तर आम्ही दोघांनी जिन्यात झोपायला हवं होतं, आणि ऑपरेशननंतर पाकिटात तेवढा जीवही उरला नव्हता. शेवटी मी ट्रेनरवर येऊन थांबले. ट्रेनर म्हणजे एक लोखंडी घोडा. आपल्या नेहमीच्या सायकलचं मागचं चाक त्यात अडकवायचं, की ते जागच्या जागी फिरतं. काम झालं की घडी करून पलंगाखाली सरकवायचा. माझी कॉलेजातली लेडीज सायकल जिन्याखाली धूळ खात होतीच, आणि तिचा मधला दांडा खाली असल्यामुळे बाबांना पाय फार उचलावा लागणार नव्हता. चुंबकाचे, तेलाचे, संगणकाला जोडायचे, सगळ्या ट्रेनरांचे व्हिडिओ मी पाहिले. नव्याच्या किमती पाहून जुना घ्यायचं ठरवलं. खांदा कॉलनीतले एक गृहस्थ त्यांच्याकडचे दोन विकायला काढून बसले होते.

हे मी जिन्यात ताईला सांगितलं, ही माझी चूक. "जुनी वस्तू घ्याला एकटी जाव नको पोरी," ती म्हणाली, "मी बी येते." आणि आली. लुगड्याचा काष्टा, अंबाड्यात अबोलीचा गजरा, पायात रबरी चपला.

गृहस्थांनी दोन्ही ट्रेनर मांडले. तेलाचा ट्रेनर आवाज करत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याच्यावर हात ठेवला. ताईनं खाली वाकून त्याचा वास घेतला. "ह्याच्या पोटातना तेल गलतंय. हा नको." गृहस्थ शपथा घ्यायला लागले. तो खरंच गळत होता की नाही, मला आजही ठाऊक नाही. मग ती चुंबकाच्या ट्रेनरवरच्या त्यांच्या सायकलवर सरळ चढून बसली आणि काष्ट्यातल्या पायांनी अशी काही पायडल मारायला लागली की आतून त्यांच्या सौभाग्यवती बघायला आल्या. भाव पाडताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ठरल्यावर वर म्हणाली, "आनि वर काय देशील? आमच्याकडं गिऱ्हाईक वाट्यावर चार करंद्या उचलतंच." मागच्या चाकाच्या आसाला लागणारे खास नट त्यांनी मुकाट्यानं दिले. पुढच्या चाकाखाली ठेवायचा ठोकळा मात्र द्यायला ते तयार होईनात. मागचं चाक ट्रेनरवर उचललं जातं, म्हणून पुढचंही तेवढंच उचलावं लागतं, नाहीतर बसणारा हँडलवर घसरतो. "ठेव तुजा ठोकला," ताई म्हणाली, "माज्याकडं ओंडका हाय."

तो ओंडका म्हणजे चिंचेच्या खोडाचा, वर्षानुवर्षं घोळ आणि सुरमई कापून मध्ये खोलगट झालेला. बाजारातून निवृत्त केलेला. त्या खोलगटात पुढचं चाक असं बसलं की जणू त्याच्यासाठीच तो झिजला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गॅलरीत मांडलेल्या सायकलवर बसले आणि कठड्यावर एक मांजर येऊन बसलं. मग दुसरं आलं. मग खालच्या पत्र्यावरून सगळं गणगोत. मधोमध बाबा पायडल मारतायत आणि सभोवार मांजरं ओंडक्याकडे टक लावून बसलीयत. ओंडक्याला माशाचा वास येतो ही गोष्ट जगात एकट्या ताईलाच जाणवली नव्हती. प्रत्येक वस्तूचा वास घेणाऱ्या या बाईला स्वतःच्या ओंडक्याचा वास येत नव्हता! बाबा हसून हसून हँडलवर पडले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले ते तेव्हा, आणि त्यांना मी हसवलं नव्हतं.

तशी कष्टांची वाटणी मोठी न्याय्य होती. चुंबकाचा ट्रेनर पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा, तर मागचा खडबडीत टायर काढून गुळगुळीत टायर मी बसवला. खालच्या मजल्यावर धाडधाड जाते म्हणून जाड रबराची चटई मी आणली. टायर ट्रेनरच्या रुळावर किती घट्ट टेकवायचा हे शिकले मी, बाबांना घाम येतो म्हणून पंखा लावला मी. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा सांगायचे, "आमच्या ताईनं ओंडका दिला बघा."

बाजार आटोपून, हातपाय धुऊन ताई चार वाजता यायची. तिचेही गुडघे ओट्यावर बसून बसून गेलेले. आधी बाबा, मग ती. मी बाबांसाठी मोबाइलवर वेळ लावायचे, भिंतीवर तक्ता चिकटवला होता. बाबा तक्त्याकडे बघून जांभई द्यायचे. ताईकडे निराळी युक्ती होती. स्टुलावर बसून ती गोष्ट सांगायची, आणि "चाक थांबला का गोष्ट थांबली" हा तिचा कायदा होता. उरणच्या बंदरावरचे लिलाव, होड्या, भांडणं. बाबा शाळेत शिकवायचे, म्हणून ती त्यांना मास्तर म्हणायची. बाबा दमून थांबले की ताई वाक्यातच थांबायची. "सरंगा उलटा केला, मास्तर, आनि बगतो तर त्याच्या पोटात..." बस्स. मास्तरांचे पाय आपोआप फिरायला लागायचे.

मी घरूनच काम करते. कानात हेडफोन, समोर पडद्यावर साहेब, आणि बंद दारापलीकडे ते दोघं खिदळतायत. सरंग्याच्या पोटात काय होतं हे मलाही ऐकायचं असायचं. मी काहीतरी निमित्त काढून दार उघडायचे, तर दोघं एकदम गप्प. "पोरी, काम कर तुजा," ताई म्हणायची. माझ्याच घरात, माझ्याच टायरवर, माझ्याच वडिलांसमोर मी परकी. आई गेल्यावर बाबा माझ्याशी भाजी आणि औषधं यांपलीकडे बोलत नव्हते. तो अबोला फक्त माझ्या वाट्याचा आहे, हे ताई येईपर्यंत मला माहीत नव्हतं.

माझी एकच इच्छा होती. लहानपणी बाबा मला रोज संध्याकाळी वडाळे तलावावर न्यायचे. माझं बोट धरून, बदकांची, पाण्याची चित्रं कशी काढायची ते सांगत. गुडघा बरा झाला की त्यांचं पहिलं फिरणं माझ्यासोबत आणि तलावावर, असं मी मनात पक्कं केलं होतं. त्यासाठी मऊ बूटही आणून ठेवले होते. बाबांना मात्र सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी सांगायच्या नसतात, समोरच्यानं ओळखायच्या असतात, असं मला वाटायचं.

एके दिवशी सकाळची मीटिंग संपवून बाहेर आले तर बाबा घरात नाहीत. काठी नाही, बूट नाहीत. जिन्यात नाहीत, रिक्षा स्टँडवर नाहीत. धावत मासळी बाजारात गेले, कारण तोवर ते कुठे असणार हे मला कळलं होतं. बाबा ताईच्या ओट्याशेजारी उलट्या टोपलीवर बसून चहा पीत होते, पायात मी आणलेले बूट. "पोरी, बग गो!" ताई अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली. "मास्तर चालत आले! एकले!" बायका टाळ्या वाजवत होत्या. मी रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडते आहे. मी रागानं रडत होते. तलाव आमच्या घरापासून बाजारापेक्षा जवळ आहे.

त्यानंतर पावसाळा सरला आणि ताई गेली. दुपारची जरा आडवी झाली ती उठलीच नाही. बाबा तिच्या दारात बसून ढसाढसा रडले. आई गेली तेव्हा त्यांनी डोळ्यांना रुमालही लावला नव्हता. माझ्या मनात आलं, मी गेले तर बाबा असे रडतील का? प्रेतासमोर असला विचार येणं बरं नव्हे, पण आला.

बाबांनी सायकल सोडली. गुडघा पुन्हा आखडायला लागला. फिजिओवाल्या बाई रागावल्या, म्हणाल्या, असंच चाललं तर काठीही पुरायची नाही. मी तक्ता नवा केला, पंखा पुसला, टायरात हवा भरली. बाबा गॅलरीत येऊन कठड्याकडे बघायचे. "मांजरंसुद्धा येत नाहीत," म्हणायचे आणि आत जायचे. खरंच येत नव्हती. ओंडका वाळून कोरडा ठणठणीत झाला होता.

मग मी बाजारात गेले. ताईच्या ओट्यावर आता तिची सून बसते. तिला म्हटलं, "मासे धुतलेलं पाणी देतेस का थोडं?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि कोलंबीच्या टरफलांसकट पाणी बाटलीत भरून दिलं. घरी आल्यावर नाक दाबून मी ते त्या ओंडक्याच्या खोलगट भागात ओतलं. ज्या वासानं माझं डोकं उठायचं, तो मी स्वतःच्या हातानं घरात आणला.

चारच्या सुमारास पहिलं मांजर पत्र्यावरून वर आलं. बाबा खुर्चीतून उठले. गॅलरीच्या दारात थांबले आणि त्यांनी एक लांब श्वास घेतला, ताई घ्यायची तसा. मग सायकलवर चढले. मी दाराआड उभी राहिले. थोड्या वेळानं बाबा मांजरांना ताईची गोष्ट सांगायला लागले. तिच्या आत्याचं लग्न, वऱ्हाड होड्यांत बसून निघालेलं, वाजंत्री वाजतायत, आणि अर्ध्या खाडीत कुणाच्या तरी लक्षात येतं की नवरा किनाऱ्यावरच राहिला.

इथे बाबा थांबले. चाकही थांबत आलं.

"इकडे ये," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "इथपर्यंतच सांगितलं होतं तिनं. पुढचं उद्या म्हणाली होती."

मी ताईच्या स्टुलावर जाऊन बसले. मला होड्यांतलं काही कळत नाही, आणि खाडी मी फक्त पुलावरून पाहिली आहे. तरी म्हटलं, "पाय चालवा. नवरा तसा हुशार होता. त्यानं धोतर खोचलं आणि पाण्यात उडी मारली."

बाबांनी पायडल मारलं. "ताई असती तर उडीपाशी थांबली असती," ते म्हणाले.

माझा अगदी जळफळाट झाला. पण मी थांबले नाही. नवऱ्याला पोहत पोहत पहिल्या होडीपर्यंत नेलं, आणि बाबा हसेपर्यंत काही त्याला वर चढू दिलं नाही.