पाठीवरचे हात

“अंग सोड. धरून ठेवशीन तं मी काय करू?”

पाठीवर गुडघा टेकला की तो हे म्हणायचा. आपण श्वास सोडला, की मणक्यांतून कडकड आवाज निघे आणि आखडलेली मान मोकळी होई.

तेव्हा तो आणि मी देवळीतल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. तो माझ्यापेक्षा बराच मोठा. दिवसभर टेबलावर वाकून माझ्या पाठीची कमान झाली होती. त्याचे वडील आखाड्यात पैलवानांची हाडं बसवत. हात त्यांच्याकडून आलेला. मधल्या सुट्टीत तो फायलींच्या खोलीत सतरंजी अंथरायचा आणि आम्ही एकेक जण पालथे पडायचो. साहेबसुद्धा.

पालथ्या माणसाची जीभ सैल सुटते, हे तुम्हीही पाहिलं असेल. समोर कोणाचं तोंड नसतं, पाठीवर उबदार हात असतात. अशाच एका दुपारी मी त्याला सांगून टाकलं, की वर्ध्याला एक जागा रिकामी होणार आहे, अजून कोणाला ठाऊक नाही, आणि मला ती हवीच आहे. वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला माझी आई एकटी राहायची. तिचा एक पाय लुळा पडला होता, तेही सांगितलं.

“होऊन जाईन तुहं काम,” तो म्हणाला. हात थांबले नाहीत.

पुढे ऑर्डर निघाली. वर्ध्याला तो गेला. साहेबांच्या पाठीवर हात ठेवून त्याने माझी बातमी स्वतःसाठी वापरली होती. मला लांबचं समुद्रपूर मिळालं.

निरोपाच्या दिवशी मी विचारलं, “काऊन केलं भाऊ असं?”

“मलेबी जायचंच होतं,” तो खिडकीकडे बघत म्हणाला.

समुद्रपुरात पाठ पुन्हा धरली. कोणाला हात लावू दिला नाही.

दिवाळीला घरी गेलो, तर आई भिंतीला धरून दारापर्यंत चालत आली. म्हणाली, “तुह्या हापिसातले भाऊ येतेत ना दर आयतवारी. पाय चोळून देतेत. तूच पाठवलं म्हने.”

माझी जागा त्याने घेतली होती. आता घरातलीही घेतली. आईला काही सांगता येईना. रविवारपर्यंत रजा वाढवली आणि काय बोलायचं ते मनात जुळवत ओट्यावर बसलो. मी आल्याचं त्याला कुठूनतरी कळलं असावं. तो आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

आईचा पाय हळूहळू पुन्हा जड झाला. मी घरी गेलो की ती त्याचीच चौकशी करायची. एकदा मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि चोळू लागलो. थोड्या वेळाने तिने तो हळूच ओढून घेतला.

“राहू दे,” ती म्हणाली. “तुले नाई जमत.”