भूकंपाच्या रात्रीची सुट्टी

सहादेवला पहिल्यांदा बघितलं तेव्हा माधुरीला तो एक नंबरचा आळशी वाटला होता. आजही कुणी विषय काढला की ती आधी पोटभर हसून घेते आणि मग कबूल करते. तिचा तरी काय दोष म्हणा. नगरहून नवीनच आलेली पोरगी, कोपरगावच्या बाजूला एका दूध डेअरीत टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडायची नोकरी, साडीला अशी कडक इस्त्री की बसताना कागद चुरगळल्यासारखा आवाज यावा. पहिल्याच दिवशी गेटातून आत शिरते तर काय, रिकाम्या कॅनच्या रांगेला टेकून एक झुबकेदार मिशीवाला गडी भर उन्हात घोरतोय. श्वास घेतला की मिशी आत, सोडला की बाहेर. माधुरी खाकरली. गड्यानं एक डोळा उघडला आणि विचारलं, "सुट्टीचं काय झालं, ताई?"

नमस्कार ना चमत्कार, थेट सुट्टी. माधुरीनं मनात शिक्काच मारला, कामचुकार.

आता गंमत अशी, की हा कामचुकार रात्रभर दुधाची टाकी धुऊन, टँकर भरून, पाळी सुटल्यावर घरी न जाता तिथं बसला होता. चेअरमन आप्पासाहेब आले की त्यांना गाठायचं म्हणून. आप्पासाहेब काही येईनात आणि डोळा काही उघडा राहीना. रोज हेच. घरी त्याची बायको साळूबाई म्हणायची, "त्या कॅनशीच लगीन लावायचं हुतं, माझ्या बापाचा खर्च तरी वाचला असता." तो हसायचा. भांडायला समोरचा हसता कामा नये, त्यामुळं साळूबाईचं भांडण कधी दाराबाहेर गेलंच नाही.

त्याला सुट्टी हवी होती ती भूकंपाची. त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे किल्लारीकडं गावंच्या गावं झोपेतच गाडली गेली, तो भूकंप. त्याला आता वर्ष होत आलं होतं. सहादेवची थोरली बहीण बनुबाई तिकडंच दिलेली. नवरा, सासू, सासरा, सगळे दगडाच्या भिंतीखाली गेले. बनुबाई तेवढी राहिली, कारण म्हैस व्यायला झाली होती म्हणून ती त्या रात्री अंगणात म्हशीपाशी बसून होती. आता पत्र्याच्या शेडमध्ये एकटी राहायची. वाऱ्यानं पत्रा वाजला तरी दचकून बाहेर यायची. तिनं भावाला निरोप धाडला होता, "त्या रात्री मला एकटीला ठिवू नको. ती रात्र काढायला तू ये."

एवढंच मागणं. मग रजा टाकावी आणि जावं की नाही? पण रजा होती कुठं. मागच्या साली भूकंपाची बातमी रेडिओवर ऐकली तसा सहादेव टाकीवरचा पाइप हातातून टाकून निघून गेला होता. कुणाला सांगणं नाही, अर्ज नाही. परत आला तो दाढी वाढवून, पुढच्या वर्षाची रजाही त्यातच कापली गेली, आणि टाइमकीपर कारभारीनानांनी त्याच्या हातात नोटीस ठेवली. पुन्हा असं विनारजा गेलास तर नोकरी गेली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. कारभारीनाना माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला नियमाबाहेर श्वास घेता यायचा नाही. स्वतःच्या लग्नाला सुद्धा त्यानं अर्धाच दिवस घेतला होता म्हणे, आणि दुपारी बाशिंग काढून हजेरी लावली होती.

हे सगळं माधुरीला कळायला आठवडा गेला. तोवर तिनं त्या झोपाळूकडं बघायचंच सोडलं होतं. कळलं तेव्हा तिनं त्याला खुर्ची दिली. "बसा, सहादेवभाऊ."

"नको ताई, खुर्चीत झोप लागत न्हाई," तो म्हणाला. "कॅनची सवय हाय."

शेवटी आप्पासाहेब सापडले. त्यांच्या केबिनमध्ये त्या दिवशी कारभारीनाना होते, कामगारांचा पुढारी कानिफनाथ होता, आणि कागद घेऊन उभी माधुरी. सहादेव दारातच चपला काढून उभा राहिला. पायाला दुधाच्या पावडरीचा पांढरा थर, आत फरशी चकचकीत.

"तीस तारखेला डेअरीला पगारी सुट्टी द्या, आप्पासाहेब," तो म्हणाला. "सगळ्यांला. दर सालची."

आप्पासाहेबांनी चष्मा वर केला. "सहादेव, म्हैस सुट्टी घेते का? दूध यायचं ते येणारच. आपण असं करू, सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. पेपरात बातमी देऊ."

"आन् सुट्टी दिली तर लोक काय दुःख करनार हायेत व्हय?" कानिफनाथ म्हणाला. पुढारी सुट्टीच्या विरोधात बोलतो हे ऐकून माधुरी चाटच पडली. पण त्याला दिवाळीचा बोनस वाढवून घ्यायचा होता, आणि दोन मागण्या एकदम रेटल्या की एक पडते हा त्याचा अनुभव. "निम्मे शिर्डीला जातील, निम्मे पत्ते कुटतील."

"कुटू दे की," सहादेव म्हणाला. "पत्ते पिसताना एकजन तरी इचारल, आज सुट्टी कशाची रं? दुसरा सांगल. तेवढं बास हाय."

आप्पासाहेब हसले. "अरे पण मग प्रत्येक संकटाला सुट्टी द्यायची? पूर आला, सुट्टी. गाडी उलटली, सुट्टी. डेअरी चालवायची कधी?"

"मागल्या वर्षी एक मंत्री वारले तवा दिलीच की," सहादेव म्हणाला. "चांगले म्हातारे हुऊन, नातवंडं-पतवंडं बघून गेले. एका मानसाला दिली. हितं तर गावात रडायला मानूस उरलं न्हाई."

केबिनमध्ये कारभारीनानांचा पेन टेबलावर टक टक वाजत होता, तो थांबला. आप्पासाहेब तसे मनानं मोठे. ते म्हणाले, "बरं, तुझी अडचण मला ठाऊक आहे. तू एकटा जा. मी नानांना सांगतो, नोटीस-बिटीस काही नाही. मग तर झालं?"

माधुरीला वाटलं, मिटलं. इतके दिवस कॅनपाशी तपश्चर्या केली ती फळाला आली. आता हा पाया पडणार आणि जाणार. पण सहादेव तिथंच उभा. मिशीला हात लावत राहिला.

"तुमची मेहेरबानी हाय आप्पासाहेब. पन औंदा तुमी हाय. फुडल्या साली त्या खुर्चीत दुसरं कोन असल. बनी तर दर सालीच भिनार. दर साली मी कुनाकुनाच्या दारात उभा राहू? आन् डेअरीत आनखी दोघांचं तिकडं गनगोत हाय, ते तर बोलत बी न्हाईत."

"आणि दुधाचं काय करू मी?" आप्पासाहेबांचा आवाज जरा चढला. "म्हशीचे सड भरल्यावर तिला काय सांगू, आज भूकंपाची सुट्टी आहे म्हणून?"

"ते मला नका सांगू," सहादेव म्हणाला.

एवढंच म्हणून तो थांबला असता. पण माधुरीनंच विचारलं, "का हो?" आणि मग तो बोलला, फरशीकडं बघत. मागच्या साली तिथं पोचला तेव्हा घरं नव्हती, पण कितीतरी म्हशी उघड्यावर होत्या म्हणून वाचलेल्या. दोन-दोन दिवस न पिळलेल्या. सड दगडासारखे टणक झालेले, आणि सगळ्या मिळून नुसत्या हंबरत होत्या. कुणाची म्हैस कुठली ते सांगायला धनी नव्हता. सहादेव बहिणीला एका झाडाखाली बसवून म्हशींखाली बसला. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. लाथा खाल्ल्या, बोटं सुजली. दूध तापवायला भांडं नव्हतं तर कुणाच्या तरी ढिगाऱ्यातनं हंडा ओढून काढला आणि तिथल्या लेकरांना पाजलं. पंधरा दिवस तो तेच करत होता. परत येऊन त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, साळूबाईला सुद्धा नाही.

"म्हसरांचं मी बघितलं," तो म्हणाला. "मानसांचं तुमी बघा. दिवाळीला कसं करता? थोडी मानसं येत्यात, त्यांस्नी मागनं बदली रजा देता. तसंच करा. फक्त ज्याचं तिकडं कोन हाय त्याला आधी सोडा."

माधुरी पदरानं नाक पुसत होती आणि सर्दी झाली असं दाखवत होती. कानिफनाथ म्हणाला, "बोनसचं नंतर बघू, आप्पासाहेब. हे आधी करून टाका." आप्पासाहेबांनी चष्मा पुसला, परत लावला, परत पुसला. मग माधुरीला म्हणाले, "काढा नोटीस. तीस सप्टेंबर, पगारी सुट्टी, दरवर्षी."

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण सहादेव आहे तो, आणि कारभारीनानाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. सहादेवनं ती बोट फिरवत वाचली आणि टाइम ऑफिसात डोकावला. "म्हंजी नाना, अठ्ठावीसची रातपाळी करून मी एकोनतीसला सकाळीच एसटी धरतो. दिवस बुडता पोचन बनीकडं."

"कसा धरतोस?" नाना म्हणाले. "सुट्टी तीसची आहे. एकोणतीसच्या रात्री तू कामावर."

माधुरीनं टाइपरायटरवरचा हात उचलला. रात्रपाळी रात्री दहाला चढते आणि सकाळी उतरते, आणि जी तारीख चढताना असेल तिचीच हजेरी पडते, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हणजे भूकंपाच्या घटकेला सहादेव टाकी धूत असणार आणि दुसऱ्या रात्री घरी झोपणार. सगळ्या डेअरीनं मिळून बनुबाईला नेमकी चुकीची रात्र दिली होती, आणि ती तिनंच टाइप केली होती.

"पन ती रात झाल्यावर जाऊन काय करू मी?"

"भूकंप तीस तारखेला झाला," नाना म्हणाले. "सरकारी कागदात आहे. सरकारनं म्हटलं तीस, म्हणजे तीस."

"नाना, त्या राती मी हितंच कामावर हुतो. पहाटं टाकीवरचं झाकान थरथरलं, मी हातानं दाबून धरलं. मला वाटलं मोटार बिघडली." सहादेव टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला. "त्या रातीची माझी हजेरी तुमी कुठल्या तारखेला मांडली?"

नानांनी हजेरीचं रजिस्टर हाताखाली ओढलं.

"नाना," माधुरी म्हणाली, "सांगा की."

"एकोणतीसला," नाना पुटपुटले. "तो नियमच आहे."

"मग सरकारचा भूकंप असल तीसला. तुमच्या नियमानं हितला भूकंप एकोनतीसच्या पाळीत झाला. आता तुमीच ठरवा, नियम मोडायचा का सुट्टी द्यायची."

नियम मोडणं म्हणजे कारभारीनानांच्या जिवावरचं काम. त्यांनी छताकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, आणि शेवटचा हात मारून पाहिला. "रात्र बारानंतर तारीख बदलते, सहादेव. साऱ्या जगात बदलते."

"मग रातपाळीचे पैशे बारानंतरचे दुसऱ्या दिवसाचे म्हनून येगळे देत जा," सहादेव म्हणाला. "आजपतुर किती वर्सांचे ऱ्हायले ते बी काढा."

नानांनी माधुरीकडं हात केला. "काढा तो नोटिशीचा कागद फळ्यावरून. रात्रपाळीला सुट्टी एकोणतीसची, असं लिहा."