गूळ खाण्याआधी वाचलेला कागद

मी सातवीची फायनल पास झालो तेव्हा घरात सगळ्यात जास्त हुरळले ते आबा, माझे वडील. मी निकाल सांगून हातपाय धुतो न धुतो, तोच त्यांनी तापीकाठच्या एका मोठ्या गावात माझी मास्तरकी ठरवूनही टाकली. त्यांच्या दृष्टीने माणूस कामाला ठेवायची रीत एकच होती. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, सालदार ठरतो, म्हणजे वर्षभर शेतावर राहणारा गडी. गूळ तोंडात पडला की करार पक्का, कागदाचे नंतर बघू. मला त्यांनी तसेच ठरवले होते. मी मास्तर होणार होतो, पण ठरलो सालदारासारखा.

आम्ही गाडीने गेलो. गाडी आमच्या सालदाराने हाकली. तो धडगावकडच्या डोंगरातला, अकरा वर्षे आमच्याकडे होता.

शाळा केळीवाल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेली. कमिटीचे म्हातारे प्रमुख मोठे अगत्यशील. गुळाचे ताट पुढे आले, त्यासोबत करारनामा. मी गुळाला हात न लावता कागद उचलला. ओट्यावर बसलेले सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मास्तर, आम्हना गावमा आजलगुन कोणी कागद वाचा नही," प्रमुख हसत म्हणाले.

मी वाचत राहिलो. कमिटीला वाटेल तेव्हा मास्तराला काढता येईल. मास्तराला वर्ष संपेपर्यंत सोडता येणार नाही. आणि तोवर त्याचा मूळ दाखला कमिटीच्या पेटीत राहील. ट्रेनिंग कॉलेजात मी अर्ज केला होता. बोलावणे आले तर मूळ दाखला दाखवावा लागणार होता, आणि तो पेटीत अडकला की माझे पुढचे शिक्षण संपले.

"नक्कल ठेवा, दाखला माझ्याकडे राहू द्या," मी म्हणालो. "आणि सोडायची असो की काढायची, दोघांनी एकेक महिना आधी सांगायचे."

प्रमुखांचे हसू मावळले. "भरोसा नही शे का आम्हनावर?"

"भरोसा आहे, म्हणून तर लिहून मागतो," मी म्हणालो. तेव्हा मला ते फार हुशारीचे वाटले होते. ताट तसेच आत गेले आणि नोकरीही त्याबरोबर गेली.

परतीच्या वाटेवर आबा धुमसत होते. "चार लोकस्मा तू मन्हं नाक काटं."

मला राग आला होता आणि त्याहून जास्त शरम वाटत होती. मग सालदाराने मागे न वळता विचारले, "आबा, मन्हा कागदमा काय लिखेल शे?"

"तुले माहीत शे. होळीले घर जावानं नही."

दरवर्षी होळीला तो डोंगराकडे तोंड करून खळ्यात बसायचा. त्याच्याकडे होळी म्हणजे सगळ्या वर्षाचा सण. दरवर्षी तो सुट्टी मागायचा आणि आबा कागदाकडे बोट दाखवायचे.

चारच दिवसांनी आखाजी आली. आईने गूळ आणला, आबांनी जुना कागद काढला, त्यावरून नवा उतरवायचा होता. सालदाराने गुळाला हात लावला नाही. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, वाची दखाड."

नोकरी गेल्यावरही मला मास्तर म्हणणारा तो एकटाच. मी वाचले. सात ओळींचा कागद, दोन मिनिटांत संपला.

"होळीनं कोठे शे?" त्याने विचारले.

मी पुन्हा वाचले, एकेका शब्दावर बोट ठेवून. होळीचे त्यात काहीच नव्हते. आबांना फक्त सहीपुरते अक्षर येत होते, कागद कोणाकडून तरी लिहून घेतलेला. त्यांनी जाणूनबुजून खोटे सांगितले, की त्यांनाच ठाऊक नव्हते, हे मी त्यांना कधी विचारू शकलो नाही.

आबा जमिनीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "लिख."

मी नवा कागद उतरवला आणि खाली आठवी ओळ लिहिली, होळीला आठ दिवस सुट्टी. सालदाराने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, अंगठा उठवला आणि मगच गूळ तोंडात टाकला.