चितेवर ठेवलेली काठी

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. देवचार, कौल, घाडी असल्या भुताखेतांच्या नि देवस्कीच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो, नाहीतर चेष्टा करायचो. आज मीच लिहितोय. हसायचं तर हसा, पण शेवटी एक विचारायचं आहे, तेवढं वाचा.

आमचं घर डिचोलीत, बाजाराच्या खालच्या अंगाला, अगदी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर. वर डोंगर कापून बांधकामं चालली आहेत. त्यांची तांबडी माती दर पावसात वाहून येते आणि व्हाळावरच्या छोट्या पुलाजवळ, साकवाजवळ, साचते. उन्हाळ्यात जेसीबी येतो, गाळ काढतो आणि काठावरच ढीग घालून जातो. पाऊस आला की ढीग परत पाण्यात.

माझ्या वडिलांना याचा फार राग यायचा. रोज सकाळी चहा आणि उंडो पाव झाला की ते वेळूची काठी घेऊन व्हाळावर जायचे, ठिकठिकाणी खुपसून बघायचे. काठीच्या मुठीला तांब्याची तार, अंगावर कोयत्याने पाडलेल्या खाचा.

"गाळ दिसता थंय पळोवं नाका," मला म्हणायचे. "गाळान लोटिल्लें उदक खंय वता, तें पळय."

गाळाकडे नाही, गाळाने ढकललेलं पाणी कुठे जातं तिकडे बघायचं; एका बाजूला गाळ साचला की पाणी समोरच्या बाजूचा पाया पोखरतं. मी हे कॉलेजात शिकलो, त्यांना ते काठीने कळायचं.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. ती काठी मी स्वतः चितेवर ठेवली... जळताना पाहिली.

यंदा आषाढात, सकाळी नऊच्या सुमारास, साकवाच्या पलीकडच्या खांबाशी ती काठी उभी दिसली. तार तीच, खाचा त्याच, कोयता घसरून पडलेली तिरकी खाचसुद्धा. ओढून पाहिली, हलेना. फोटो काढला, तो आहे माझ्याकडे. पण ती जळाली होती हे फोटोत कुठे दिसणार? लाजेपायी मी कुणाला बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तोच खांब खचला आणि साकव कलला. नशिबाने वर कुणी नव्हतं. खालचा पाया पाण्याने पार पोकळ केला होता. काठी नाहीशी झाली होती.

आता आठ दिवस झाले, ती पुन्हा आलीय — आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी, बाहेरून. समोर गाळाचं बेट वाढलंय, पाणी आमच्या भिंतीला घासून वाहतंय, चिऱ्यांमध्ये बोट जाईल एवढी भेग आहे. बायको आणि मुलीला लाटंबार्सेला सासुरवाडीला पाठवलं. अर्ज केले, फोन केले. पाऊस ओसरला की बघू, म्हणतात.

आई मात्र हलत नाही. तिथल्या जनेलापाशी, खिडकीशी, खुर्ची ओढून दिवसभर त्या काठीकडे बघत बसते. तिला उचलायला गेलो की जनेलाचे गज धरते.

"आई, घर पडतलें गे. पायां पडटां तुज्या."

"पडूं दी," ती म्हणाली. "चार वर्सांनी आयल्यात ते. तांका भायर उबे दवरून मी खंय वचूं?"

बाबा तिला बाहेर काढायलाच आलेत, हे मी रोज सांगतो. ती ऐकून घेते आणि जनेलावर त्यांच्यासाठी चहाचा कप ठेवते.

काठी कुठून येते, मला ठाऊक नाही. कुणी समजावेल अशी आशाही उरली नाही. विचारायचं ते एवढंच — आईला इथून कसं हलवू? काल वैतागून दोन्ही हातांनी काठी ओढली. ती जागची हलली नाही, भिंतीखालची माती मात्र सुटली.

हे मी स्वयंपाकघरात, आईशेजारी बसून लिहितोय. तिला सोडून मी तरी कुठे जाऊ?